प्रोटॉनाच्या आत काय आहे?

सुरतेत मराठी माध्यमातून विज्ञान शिकणाऱ्या मुलाला एक गमतीची अडचण येते. मूलद्रव्याचा लहानात लहान घटक तो अणू आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू, असे त्याला वर्गात शिकविले जाते. शाळा सुटल्यावर शेजारच्या गुजराती मुलापाशी त्याने हेच सांगितले, तर तो मुलगा म्हणतो, ‘तुझे चुकले, लहानात लहान तो परमाणू, आणि परमाणू मिळून होतो तो अणू.’ हिंदी माध्यमाचा तिसरा मुलगा असला, तर तोही गुजराती मुलाचीच बाजू घेतो. आपापल्या भाषेच्या परिभाषेप्रमाणे तिघांचेही बरोबर असते. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून यंत्रमागाच्या कामासाठी येथे आलेल्या कुटुंबांची मुले उधना-लिंबायतच्या बाजूला मोठ्या संख्येने राहतात, आणि एकाच गल्लीत या तिन्ही परिभाषा नांदतात.

तथापि ही अडचण वरवरची आहे. तीन भाषांचे तीन रकाने फळ्यावर आखले की एका तासिकेत ती मिटते. आमच्या मते वैज्ञानिक मराठीची खरी कसोटी नामांपाशी लागत नाही, ती क्रियापदांपाशी लागते. परिभाषेचा प्रश्न निघाला की आपण सर्वजण नामांची चर्चा करतो. ‘क्वार्क’ हा शब्द तसाच ठेवावा की त्याला संस्कृत प्रतिशब्द घडवावा, याविषयी आपण वाद घालू. परंतु त्याच्या पुढे येणाऱ्या ‘असतो’, ‘भरलेला असतो’, ‘बनलेला असतो’ या शब्दांकडे कोणी वळूनही पाहत नाही. चुकीचे चित्र मुलांच्या मनात शिरते ते मात्र याच वाटेने. प्रोटॉनाच्या अंतरंगाचा शोध कसा लागला हे क्रमाने पाहिले, म्हणजे आमच्या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट होईल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत. गणिताच्या वाटेने या विषयात शिरणे आम्हांला शक्य नाही, आणि बहुतेक वाचकांनाही ते नको असेल. प्रयोगांची हकीकत मात्र गणितावाचून सांगता येते.

प्रथम शब्दांची थोडी पूर्वपीठिका. ‘अणू’ म्हणजे मुळात अतिसूक्ष्म आणि ‘रेणू’ म्हणजे धूळ. वैशेषिक दर्शनाने परमाणू निरवयव मानला आणि गवाक्षातून येणाऱ्या किरणात तरंगताना दिसणाऱ्या कणाला त्र्यणुक म्हटले. तर्काच्या बळावर केलेला तो थोर विचार होता. मात्र कणादांना आधुनिक अणुविज्ञान अवगत होते असे त्यावरून म्हणणे म्हणजे कणादांचाही गौरव नव्हे आणि विज्ञानाचाही नव्हे. ज्याला आज आपण अणू म्हणतो तो निरवयव नाही, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच निश्चित झाले. १९०९ साली मँचेस्टर येथे गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले, पण थोडे थेट मागे उलटले. अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका चिमुकल्या केंद्रकात एकवटलेले असते, असा याचा अर्थ रदरफोर्ड यांनी १९११ साली लावला. हायड्रोजनाच्या अणूचे केंद्रक हाच इतर केंद्रकांचाही एक घटक आहे, असे आढळल्यावर त्याला १९२० साली ‘प्रोटॉन’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पहिला’ असा होतो. नावातच आद्यत्वाचा दावा होता, आणि पुढे बरीच वर्षे तो खराही वाटत होता.

प्रोटॉनाच्या आत पाहायचे कसे? सुरतेच्या वाचकाला हिऱ्याचे उदाहरण सहज सुचेल. कच्चा हिरा घंटीवर चढविण्यापूर्वी रत्नकलाकार तो उजेडाकडे धरून आतील डाग आणि चिरा पारखतो. हिरा न फोडता त्याला आतले दिसते, कारण प्रकाश आत जाऊन परत बाहेर येतो. परंतु प्रकाश ही लहर आहे, आणि कोणत्याही लहरीला तिच्या लांबीहून फार बारीक वस्तूचा पत्ता लागत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी प्रोटॉनाच्या व्यासाच्या सुमारे तीस कोटी पट असते. ज्या प्रकाशाला प्रोटॉन असल्याचीही दाद नाही, तो त्याचे अंतरंग काय दाखविणार? मात्र इलेक्ट्रॉनासारख्या कणालाही लहरीचे अंग असते आणि त्याचा वेग व ऊर्जा वाढवीत नेली की ती लहर आखूड होत जाते. तेव्हा इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने प्रोटॉनावर आदळवायचे, ते कोणत्या कोनात आणि किती ऊर्जा गमावून बाहेर पडतात हे मोजायचे, आणि त्यावरून आतील रचना ताडायची, हा मार्ग निघाला. त्वरकयंत्राची ऊर्जा जितकी अधिक, तितकी दृष्टी बारीक. ‘टक्कर’ या शब्दाने मोडतोड डोळ्यांपुढे येते, पण येथे ते पाहण्याचेच एक साधन आहे.

प्रोटॉन निरवयव नसावा, अशी पहिली शंका टकरींच्याही आधी आली. १९३३ साली हँबुर्ग येथे ऑटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनाचे चुंबकत्व मोजले. निरवयव बिंदूसारख्या कणासाठी सिद्धान्ताने जे मूल्य सांगितले होते, त्याच्या अडीचपट ते भरले. (आजचे अचूक मोजमाप २.७९ पट असे आहे.) त्याच वर्षी नाझी राजवटीमुळे स्टर्न यांना जर्मनी सोडावी लागली; १९४३ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा ते अमेरिकेत होते. पुढे १९५० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टाटर यांनी इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने प्रोटॉनाचा आकार मोजला. प्रोटॉन हा बिंदू नसून त्याला विस्तार आहे, त्याचा विद्युतभार एका लहानशा जागेत पसरलेला आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९६१ साली त्यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोटॉनाची त्रिज्या आज सुमारे ०.८४ फेम्टोमीटर मानली जाते. एक फेम्टोमीटर म्हणजे एका मिलिमीटरच्या एक लक्ष कोटी भागांपैकी एक भाग.

आता प्रश्न असा उभा राहिला की, हा विस्तार कशाचा? मऊ लापशीसारखे काही सारखे पसरले आहे, की आत टणक दाणे आहेत? याचे उत्तर स्टॅनफर्ड येथेच, सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या नव्या सरळ त्वरकावर मिळाले. १९६७ सालापासून फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांच्या नेतृत्वाखाली तेथे २० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जेचे इलेक्ट्रॉन प्रोटॉनावर सोडण्यात आले. प्रोटॉन लापशीसारखा असता तर मोठ्या कोनात वळणारे इलेक्ट्रॉन फारच थोडे निघाले असते. प्रत्यक्षात ते अपेक्षेच्या कितीतरी पट निघाले. रदरफोर्डांच्या सोन्याच्या पत्र्याचीच कथा साठ वर्षांनी, अणूच्या नव्हे तर प्रोटॉनाच्या बाबतीत पुन्हा घडली. आत बिंदूसारखे काहीतरी टणक आहे, हे उघड झाले. रिचर्ड फाइनमन यांनी त्यांना ‘पार्टॉन’, म्हणजे अंश किंवा भाग, असे मोघम नाव दिले. ते भाग नेमके कोणते हे ठरविण्याची घाई त्यांनी केली नाही. या प्रयोगांच्या तिघा नेत्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या प्रयोगांपूर्वी १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निव्वळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी प्रोटॉनाचे तीन घटक कल्पिले होते. गेल-मान यांनी त्यांना ‘क्वार्क’ म्हटले आणि शब्दाचे हे स्पेलिंग जेम्स जॉइस यांच्या ‘फिनिगन्स वेक’ या १९३९ सालच्या कादंबरीतून उचलले. साहित्याच्या उपासकांनी याची नोंद घ्यावी. पदार्थविज्ञानाच्या गाभ्यातील या शब्दाला कोणतीही व्युत्पत्ती नाही. तो एका दुर्बोध कादंबरीतील नादमय शब्द आहे. ज्या शब्दाला मूळ भाषेतच अर्थ नाही, त्याला मराठीत अर्थवाही प्रतिशब्द शोधणे व्यर्थ होय. ‘क्वार्क’ तसाच घ्यावा आणि त्याला मराठी विभक्तिप्रत्यय लावून तो आपला करावा, एवढेच आमचे या नामाविषयी म्हणणे आहे.

गेल-मान यांच्या योजनेप्रमाणे प्रोटॉनात दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ असे तीन क्वार्क. अपचा विद्युतभार अधिक दोन-तृतीयांश, डाउनचा उणे एक-तृतीयांश. तिघांची बेरीज बरोबर अधिक एक. जीनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत १९७० नंतर गार्गामेल नावाच्या प्रचंड बुडबुडा-पेटीत न्यूट्रिनो कणांच्या टकरी टिपल्या गेल्या. (हे नावही साहित्यातलेच, फ्रेंच लेखक राबले यांच्या कथेतील राक्षसीचे.) त्या टकरी आणि स्टॅनफर्डच्या टकरी यांची तुलना केली असता हे अपूर्णांकी भार बरोबर जुळले. स्टॅनफर्डला दिसलेले दाणे म्हणजेच क्वार्क, याविषयी शंका उरली नाही.

येथपर्यंतची हकीकत शाळेच्या पुस्तकाला सोयीची आहे. ‘प्रोटॉन तीन क्वार्कांचा बनलेला असतो’ हे वाक्य लिहिले की धडा संपला. परंतु त्याच मोजमापांनी हे वाक्य अपुरे असल्याचेही सांगितले होते. वेगवान प्रोटॉनाचा एकूण संवेग आणि त्यातील सर्व क्वार्कांचा संवेग यांचा हिशेब मांडला, तेव्हा क्वार्कांच्या वाट्याला सुमारे निम्माच संवेग आला. उरलेला निम्मा कोणाकडे? इलेक्ट्रॉन विद्युतभाराला ओळखतो. ज्याला विद्युतभार नाही असे काही आत असेल तर ते त्याला दिसणार नाही. क्वार्कांना एकत्र बांधणारे, विद्युतभाररहित ‘ग्लुऑन’ हेच ते, असे अनुमान निघाले. इंग्रजीत डिंकाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. १९७९ साली हँबुर्ग येथे, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून कणांचे दोन फवारे निघण्याऐवजी कधीकधी तीन निघतात असे आढळले. तो तिसरा फवारा ग्लुऑनाचा होता.

ग्लुऑनांचे बंधन विलक्षण आहे. दोन वस्तूंमधील अंतर वाढले की त्यांच्यातील ओढ कमी होते, असा आपला नेहमीचा अनुभव. क्वार्कांचे उलट असते. ते एकमेकांजवळ असता जवळजवळ मोकळे वागतात. दूर ओढू लागावे तर ताणलेल्या रबराप्रमाणे ऊर्जा साठत जाते, आणि ताण असह्य झाला की त्या ऊर्जेतून नवे क्वार्क व प्रतिक्वार्क निर्माण होतात. हाती येतात ते नवे संयुक्त कण, सुटा क्वार्क नव्हे. जवळ असताना हे बंधन सैल का होते, याची उपपत्ती १९७३ साली ग्रोस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी मांडली आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजवर कोणीही क्वार्क वेगळा काढून दाखविलेला नाही. तेव्हा ‘बनलेला’ या शब्दाची पहिली अडचण येथे येते. भिंत विटांची बनलेली असते, कारण वीट आधी वेगळी होती आणि पुन्हा वेगळी काढता येते. क्वार्कांना हे लागू नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. १९९२ ते २००७ या काळात हँबुर्ग येथे ‘हेरा’ नावाचा ६.३ किलोमीटर परिघाचा त्वरक चालू होता. त्यात २७.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ९२० अब्जांपर्यंत ऊर्जेचे प्रोटॉन समोरासमोर आदळविले जात. दृष्टी इतकी बारीक झाल्यावर असे दिसले की, प्रोटॉनाच्या संवेगाचा अत्यल्प अंश वाहणारे क्वार्क, प्रतिक्वार्क आणि ग्लुऑन यांची दाटी झपाट्याने वाढत जाते. ग्लुऑनातून क्वार्क-प्रतिक्वार्कांची जोडी निघते, ती पुन्हा मिटते. ग्लुऑनातून आणखी ग्लुऑन फुटतात. शास्त्रज्ञ याला क्वार्कांचा ‘सागर’ म्हणतात. मूळचे तीन क्वार्क नाहीसे होत नाहीत. क्वार्कांतून प्रतिक्वार्क वजा केले की बाकी नेहमी दोन अप आणि एक डाउन एवढीच उरते. परंतु ‘आत एकूण किती?’ या प्रश्नाला एकच आकडा नाही. किती बारकाईने पाहता, यावर तो अवलंबून आहे.

कापडाच्या बाजारात वावरणाऱ्या वाचकाला यातील अर्धा भाग परिचित वाटेल. दुकानाच्या फळीवरचे कापड लांबून एकसंध दिसते, जवळून त्यातले ताणे-बाणे दिसतात, भिंगाखाली धरले की धाग्यातले तंतू दिसतात. परंतु हे उदाहरण येथेच थांबवावे लागते. भिंग बदलले म्हणून तंतूंची संख्या बदलत नाही. ते मोजून वहीत लिहून ठेवता येतात. प्रोटॉनाचे तसे नाही. तेथील ‘तंतू’ क्षणोक्षणी फुटतात आणि मिटतात, आणि जितक्या आखूड क्षणाचे दर्शन घ्यावे तितके ते अधिक दिसतात. हा मोजणीतला दोष नसून वस्तूचाच स्वभाव आहे.

तिसरी अडचण वस्तुमानाची. तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने मिळविली तर बेरीज प्रोटॉनाच्या वस्तुमानाच्या जेमतेम शेकडा एक भरते. प्रोटॉनाचे वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत सुमारे ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि तिघा क्वार्कांचे मिळून सुमारे ९ दशलक्ष. बाकीचे सर्व त्या बंधनाच्या आणि आतील गतीच्या ऊर्जेतून येते. २०१२ साली सर्न येथे हिग्ज कणाचा शोध लागला तेव्हा वस्तुमानाचे रहस्य उलगडले अशी वर्णने वृत्तपत्रांतून आली. क्वार्क, इलेक्ट्रॉन यांसारख्या मूलकणांपुरते ते खरे आहे. परंतु आपण तराजूत घालतो त्या धान्याचे, किंबहुना आपल्या देहाचे वजन बहुतांशी हिग्जमुळे नाही, ते प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या आत कोंडलेल्या ऊर्जेचे आहे. शंभर किलोच्या पोत्यातील वाळू बाहेर काढून तोलली आणि ती एकच किलो भरली, तर ‘पोत्यात वाळू भरलेली होती’ असे आपण म्हणू का? प्रोटॉनाविषयी मात्र आपण बेधडक म्हणतो.

चौथी गोष्ट परिवलनाची. प्रोटॉनाला भोवऱ्यासारखे एक अंगभूत परिवलन असते, आणि ते तीन क्वार्कांच्या परिवलनांतून येत असावे असा साधा समज होता. १९८७ साली सर्न येथील एका युरोपीय प्रयोगगटाने मोजून पाहिले, तेव्हा क्वार्कांचा वाटा अगदीच थोडा निघाला. आजच्या मोजमापांप्रमाणे तो सुमारे शेकडा तीस आहे. उरलेला वाटा ग्लुऑनांचे परिवलन आणि या सर्वांचे आतील भ्रमण यांत कसा विभागला आहे, याचा शोध अद्याप चालू आहे.

या शोधात मराठी माणसाचा वाटा आहे, आणि तो शिक्षकांना माहीत असावा असे आम्हांला वाटते. डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ साली पुण्यात झाला. हुजूरपागा ही मुलींची जुनी, नावाजलेली शाळा, त्यानंतर सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि मुंबईची आय.आय.टी. असे त्यांचे शिक्षण झाले. १९७९ साली अमेरिकेत स्टोनी ब्रुक येथे पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. काही काळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मग मुंबई विद्यापीठात आणि १९९५ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विज्ञानक्षेत्रातील भारतीय स्त्रियांची आत्मकथने एकत्र आणणारा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा २००८ सालचा ग्रंथ राम रामस्वामी यांच्यासह त्यांनीच संपादिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथाशी जोडलेले ते नाव वाचकांना वेगळे सांगावयास नको.

गोडबोले यांचे काम आपल्या विषयाच्या अगदी मर्मापाशी जाते. सर्नच्या एका त्वरकावर १९७३ साली असे आढळले होते की, ऊर्जा वाढविली की दोन प्रोटॉनांची टक्कर होण्याचा संभवही वाढत जातो, जणू प्रोटॉन अधिक ऐसपैस होत जातो. ऊर्जेबरोबर वाढणाऱ्या ग्लुऑनांच्या दाटीशी याचा संबंध कसा लावावा, यावर गोडबोले यांनी ज्युलिया पांकेरी आदी युरोपीय सहकाऱ्यांसमवेत दीर्घकाळ काम केले. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे प्रकाशाचा कणही, म्हणजे फोटॉनही, अधूनमधून क्वार्क आणि ग्लुऑन यांनी व्यापलेला असल्यासारखा वागतो. भावी त्वरकांत यामुळे नको असलेल्या टकरींची भर पडेल, हे मानुएल ड्रेस आणि गोडबोले यांनी १९९० नंतरच्या काळात दाखवून दिले. तो परिणाम त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. २०१२ साली मुंबई विद्यापीठ आणि आय.आय.टी. मुंबई येथील सहकाऱ्यांसह त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. प्रोटॉनाचे परिवलन एका दिशेला असता आतील ग्लुऑनांच्या आडव्या गतीत डावे-उजवे असा भेद होतो काय, आणि इलेक्ट्रॉन-प्रोटॉन टकरींत निर्माण होणाऱ्या एका जड कणाच्या साहाय्याने तो कसा मोजता येईल? परिवलनाच्या न मिटलेल्या हिशेबाशीच या प्रश्नाचा संबंध आहे.

प्रयोगाच्या बाजूनेही आपला देश मागे नाही. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या महात्वरकात २०२२ पासून प्रत्येक प्रोटॉन ६,८०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेण्यात आला. तेथील १,२३२ मुख्य चुंबकांपैकी प्रत्येकाचे वजन सुमारे ३५ टन. ही अवजड चुंबके केसभरही न ढळता बसविण्यासाठी लागणारे हजारो अचूक टेकू भारताने बनवून दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तेथील सी.एम.एस. या शोधकयंत्राचा ऊर्जा मोजणारा एक बाह्य भाग उभारण्यात मोठा वाटा उचलला. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. या महात्वरकात आदळतात ते प्रोटॉनच असल्यामुळे त्यांच्या अंतरंगाचा नकाशा आधी नीट ठाऊक असल्याशिवाय तेथील कोणत्याही नव्या शोधाचा अर्थ लागत नाही. हिग्ज कणही प्रामुख्याने दोन ग्लुऑनांच्या मीलनातून निर्माण होतो. आत ग्लुऑन किती हे हेरासारख्या प्रयोगांनी सांगितले नसते, तर हिग्ज कण किती वेळा दिसावा हेच कोणाला सांगता आले नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रोटॉनाच्या आत काय ‘आहे’? इतक्या हकीकतीनंतर वाचकांच्या ध्यानात आले असेल की, या वाक्यात अवघड शब्द ‘प्रोटॉन’ नाही. ‘आत’ आणि ‘आहे’ हे दोन घरगुती शब्द अवघड आहेत. ‘आत’ म्हटले की डबा डोळ्यांपुढे येतो. ‘आहे’ म्हटले की कोणी झाकण उघडो वा न उघडो, तेथे ठरलेल्या संख्येने पडून असलेल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. डबा, झाकण आणि ठरलेली संख्या या तिन्ही गोष्टी प्रोटॉनाला लागू नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, चौदा वर्षांच्या मुलाला हे सर्व सांगत बसावे काय? अभ्यासक्रम संपवायचा असतो, परीक्षेत ‘तीन क्वार्क’ लिहिले की गुण मिळतात. ही हरकत आम्ही क्षुल्लक मानत नाही. परीक्षेचे ओझे रोज वाहणाऱ्या शिक्षकांचीच ती आहे. परंतु आमची सूचना अभ्यासक्रम वाढविण्याची नाही, वाक्य बदलण्याची आहे. ‘प्रोटॉनात तीन क्वार्क असतात’ असे म्हणण्याऐवजी ‘प्रोटॉनावर इलेक्ट्रॉन आदळविले असता तो तीन क्वार्क असल्यासारखा वागतो; अधिक ऊर्जेने आदळविले असता आणखी पुष्कळ काही आढळते’ असे म्हणता येईल. ‘असतो’च्या जागी ‘आढळतो’, ‘बनलेला’च्या जागी ‘असल्यासारखा वागतो’, एवढाच हा फरक. त्यासाठी परिभाषा कोशाची गरज नाही. हे शब्द मुलाला पहिलीपासून येतात. मात्र ‘आढळतो’ म्हटले की ‘कोणाला आढळले, कसे आढळले?’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि त्या प्रश्नापासूनच विज्ञान सुरू होते. ‘असतो’ हे क्रियापद तो प्रश्नच बंद करून टाकते.

उधन्याच्या गल्लीतील त्या तीन मुलांनाही याचा उपयोग आहे. अणू की परमाणू, या वादात त्यांना एवढेच कळते की भाषा वेगळी म्हणून शब्द वेगळा. परंतु ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागली, तर कोणत्या माध्यमात शिकलो याने त्यांचे अडणार नाही. मराठी शाळेत शिकणारे मूल विज्ञानात मागे पडेल, अशी भीती आज पुष्कळ पालकांना वाटते, आणि परप्रांतात तर ती अधिकच वाटते. नुसत्या अभिमानाने ती दूर होणार नाही. मराठीतून सांगितलेले विज्ञान अधिक नेमके आणि अधिक प्रामाणिक असते, असा अनुभव वर्गातून आला तरच ती दूर होईल. तो अनुभव देण्याची सामग्री आपल्या भाषेत आहे. ‘आहे’, ‘असावे’, ‘दिसते’, ‘भासते’, ‘आढळते’, ‘मानतात’ अशा ज्ञानाच्या निरनिराळ्या पायऱ्या दाखविणारी क्रियापदे मराठीत मुबलक आहेत. धडे लिहिणाऱ्यांनी आणि धडे शिकविणाऱ्यांनी ती जागच्या जागी वापरावी, इतकीच आमची विनंती आहे.

अमेरिकेत ब्रुकहेवन येथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आदळविणारा नवा त्वरक उभारण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. परिवलनाचा न जुळलेला हिशेब आणि ग्लुऑनांची दाटी कोठपर्यंत वाढते, हे त्याचे मुख्य विषय राहतील. त्याची मोजमापे येतील तेव्हा आज आपल्या वर्गांत बसलेल्यांपैकी काहीजण ती वाचण्याच्या वयाचे झालेले असतील. शाळेत शिकलेले वाक्य त्यांना त्या वेळी पुसून टाकावे लागू नये, त्यात फक्त भर घालता यावी, एवढी काळजी आज आपण घ्यावयाची आहे.